शुक्रवारची मोट

मला मिरची सोसत नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून कुणाला वाटायचं की ही बाई मिरचीतली मोठी जाणकार असणार. माझ्या ताटाशेजारी आजही दह्याची वाटी लागते आणि माझ्या मुली मला 'मडमीण' म्हणतात. पण घरात मिरची कांडायला घेतली आणि पहिली शिंक आली, की मी उखळापासून लांब जाऊन बसते आणि फुफीची गोष्ट सुरू करते. मुलींचं म्हणणं, काम चुकवायला अम्मीला फुफी बरी सापडली आहे. त्यात थोडं तथ्य आहे. पण फुफी हे माणूसच असं होतं, की तिच्याबद्दल बोलायला लागलं की हातातलं काम आपोआप थांबतं.

फुफी म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या, माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. पण सगळं गाव तिला फुफीच म्हणायचं. पाटील म्हणायचे, कुंभार म्हणायचा, तिच्याहून वयानं थोर असलेल्या माळ्याच्या म्हाताऱ्या म्हणायच्या.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते मागच्या दारातून. लग्न होऊन मी केडगावहून सोनईच्या पलीकडच्या त्या गावात आले होते, हातावरची मेंदी अजून उतरली नव्हती. लढाईचे दिवस होते. नगरच्या छावणीतून फौजा जात-येत असायच्या, त्यामुळे खाकी कपडा दिसला की आम्ही केडगावच्या पोरी घरात पळायचो. आणि इथं मागचं दार उघडून बघते तर बांधापलीकडच्या मिरचीत एक गोरा साहेब पाठमोरा उभा. अंगात खाकी कोट, डोक्यावर सोला हॅट. मी दार लावलं, आतून आडणा घातला आणि सासूबाईंना सांगितलं की रानात साहेब घुसलाय.

सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "साहेब न्हाई ती. तुझी फुफीसास हाय. आन तिला बघून हसू नको. हसलीस तर कामाला जुंपती."

मी हसले, आणि जुंपली गेले. पण ते पुढं.

हॅटची हकीकत अशी. फुफीचा नवरा नगरच्या छावणीत एका साहेबाचा खानसामा होता. साहेब लढाईवर निघाला तेव्हा खानसाम्यालाही बरोबर घेऊन गेला, आणि मागं राहिलेल्या बंगल्यातल्या टाकाऊ सामानातून कोट आणि हॅट फुफीच्या वाट्याला आली. डोक्यावर पदर आणि पदरावर हॅट, अशी ती रानात उभी असायची. लोक विचारायचे, फुफी, ही काय टोपी? ती म्हणायची, हिच्या भारानं पदर जाग्यावर ऱ्हातो. बंगल्याच्या आवारात राहून इतकी वर्षं उकडलेलं, बिनतिखटाचं खाऊन ती कंटाळली होती. नवरा आगबोटीत चढला आणि ही त्याच आठवड्यात माहेरी आली, हिस्सा मागायला.

आता हे जरा समजून घ्यायला हवं. आमच्यात बापाच्या मालमत्तेत बहिणीचा हिस्सा भावाच्या निम्मा असतो. असतो, पण बहिणी तो मागत नाहीत. हिस्सा सोडायचा, ईदेला यायचं, भावानं दिलेलं लुगडं घ्यायचं, असं चालतं. माहेरचं दार उघडं राहावं म्हणून प्रत्येक बहीण ते करते. मीही केलं आहे. फुफीनं ते केलं नाही. ती चावडीवर जाऊन पाटलांसमोर बसली आणि म्हणाली, लुगडं नको, जमीन द्या.

सासऱ्यांनी दिली. मुरमाड पट्टी दिली, जिच्यात कुळीथसुद्धा रुसून उगवायचे. विहीर वडिलांनी खोदलेली, तेव्हा पाण्याची पाळीही द्यावी लागली. ती त्यांनी शुक्रवारची दिली. जुम्म्याला त्यांना दुपारी मशिदीत जायचं असायचं, अर्धा दिवस मोट उभीच राहायची. तोच दिवस बहिणीला. सासरे यावर फार खूश होते. त्या दिवसापासून भावा-बहिणीचं बोलणं बंद झालं ते झालंच. फुफी त्यांचा उल्लेख 'तुझा सासरा' असा करायची आणि सासरे तिचा उल्लेख 'ती बाजू' असा. दोघं बांधाच्या दोन अंगांना पाच हातांवर उभी असली तरी मला मध्ये उभं करून बोलायची. फुफी म्हणायची, सांग तुझ्या सासऱ्याला, त्याची शेळी माझ्या बांधावर आलीया. सासरे म्हणायचे, सांग त्या बाजूला, शेळीला बांध वाचता येत न्हाई. मी नवीन नवरी, पदर सावरत दोन्हीकडे तोंड फिरवायची. मान दुखायची.

सासऱ्यांना खात्री होती की ती पाळी आज ना उद्या परत त्यांच्याकडे येणार. त्याचं कारण गावाचा एक जुना रिवाज. विहीर सामाईक असली की पाळीवरून डोकी फुटतात, म्हणून गावानं ठरवून टाकलेलं होतं, की ज्याची पाळी त्यानं त्या दिवशी मोट हाकायची. मोटेचं लाकडी चाक करकरत फिरतं, ते अर्ध्या गावाला ऐकू जातं. चाक वाजलं म्हणजे पाळी चालली. लागोपाठ तीन पाळ्या चाक वाजलं नाही, तर पाळी सोडली असं धरायचं आणि ती दुसऱ्या वाटेकऱ्याला मिळायची. शिवाय भाड्याच्या गड्यानं हाकलेली धरायची नाही, हाकणारं माणूस रक्ताचं हवं. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण ते बदलायचा विचार कुणाच्या मनातही आला नसता.

यामुळे आमच्या गावात एक गंमत झाली होती. पाळी चुकू नये म्हणून जो तो आपल्या दिवशी मोट हाकायचाच. रानात ओल आहे की नाही, पिकाला पाणी हवं की नको, हे कुणी विचारत नव्हतं. आभाळ भरून आलेलं असायचं आणि लोक घाईनं पाणी भरत असायचे. पाणी पिकासाठी कमी आणि हक्कासाठी जास्त दिलं जायचं. ज्वारीनं ते सोसलं, उसानं तर आनंदानं सोसलं. पण मिरचीच्या पायाशी पाणी साचलं की ती मरते. म्हणून गावात मिरची कुणी लावत नव्हतं. फुफीनं लावली.

मला मागच्या दारात तांदूळ निवडायला बसवायचे ते शुक्रवारी चाक वाजतं का नाही हे ऐकायला. नव्या सुनेला एवढं काम जमेल असा सासऱ्यांचा अंदाज होता. फुफीला हे पहिल्याच दिवशी कळलं. बांधावरून तिनं हाक मारली, "काय गं मडमीण, तांदूळ निवडतीस का कान लावतीस? त्येच त्येच सुपात फिरवायलीस मघापास्नं." मडमीण हे नाव तिनंच पाडलं, माझ्या दह्याच्या वाटीवरून. मी हसले आणि ती म्हणाली, हसतीस तर इकडं ये, आन तांदूळ आन, इथं बसून निवड. असं माझं ठाणं बांधापलीकडे हललं. सासऱ्यांना ते पटलं. जवळून नीट ऐकू येईल म्हणाले.

त्या शुक्रवारी मी जे पाहिलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. फुफी मिरचीत गेली, वाकली आणि दोन झाडांच्या मध्ये मातीत हात घातला. घातला तो कोपरापर्यंत. मूठभर माती वर काढून तिनं दाबली. मातीचा लाडू वळला. तिनं तो लाडू नाकाशी नेला, मग माझ्या नाकाशी आणला, जणू मला काही कळणार होतं. मग विहिरीवर आली. मोट जिथं रिकामी होते त्या दगडी थारोळ्यातून रानाकडे पाट निघतो. त्या पाटाचं तोंड तिनं चिखलानं बुजवून टाकलं. आणि थारोळ्याच्या विहिरीकडच्या अंगाचा एक दगड हलवून बाजूला काढला. मग बैल जुंपले आणि मोट हाकायला सुरुवात केली.

बाई मोट हाकते हेच मी पहिल्यांदा पाहत होते. बैल उतारावर पुढं जायचे तेव्हा ती नाड्यावर, मोटेच्या जाड दोरावर, बसून हॅट धरून खाली यायची, बैल मागं सरायला लागले की उतरून त्यांच्याशी भांडत वर जायची. चाक गावभर करकरत होतं. पाण्यानं भरलेली मोट वर यायची, थारोळ्यात रिकामी व्हायची आणि ते सगळं पाणी त्या दगडाच्या भोकातून धो धो पुन्हा विहिरीत पडायचं. वर आणायचं आणि खाली सोडायचं. दुपारपर्यंत तिनं हेच केलं. मी तांदूळ हातात घेऊन बसून राहिले. माझ्या मनात आलं, उन्हानं हिचं डोकं फिरलंय, आणि हॅट असून फिरलंय.

सासऱ्यांच्या कानावर गेल्यावर ते तरातरा चावडीवर गेले. पाटलांनी फुफीला बोलावलं. मी सासूबाईंच्या मागं उभी होते. सासऱ्यांचं म्हणणं, हे मोट हाकणं नव्हे, ही थट्टा आहे, ही पाळी चुकली असं धरा. पाटील डोळे बारीक करून फुफीकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "फुफी, पानी वर काढून परत हिरीत सोडतीस, हे खरं हाय का?"

"खरं हाय."

"मंग बैलांना कशापायी तरास देतीस?"

"मिरचीला तहान न्हाई आन भावाला माया न्हाई," फुफी म्हणाली. "मिरची म्हनती पानी नको. भाऊ म्हनतो चाक वाजलं न्हाई तर पाळी माझी. दोगांचं ऐकलं तर मी दुसरं काय करू, तुमी सांगा पाटील."

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. म्हणाले, रिवाज चाकाचा आहे, पाणी कुठं गेलं ते रिवाजात नाही. चाक वाजलं. पाळी चालली. घरी येताना सासूबाई पदरात तोंड घालून हसत होत्या, आणि मीही. सासरे आमच्या पुढं चालत होते, त्यांची मान मागून लालबुंद दिसत होती.

लोक तिला खुळी म्हणायचे. मी तिला नुसती खुळी म्हणाले असते तर फार बरं झालं असतं, कारण मग मला तिची इतकी धास्ती वाटली नसती. तिच्याशेजारी बसलं की आपल्याला काहीच दिसत नाही आणि हिला सगळं दिसतं, असं वाटत राहायचं. एकदा भर दुपारी तिची सगळी मिरची माना टाकून उभी होती, पानं चिंध्यांसारखी लोंबत होती. मला भडभडून आलं. मी म्हटलं, फुफी, झाडं चालली हो, पाणी घाला. ती हॅट तोंडावर ओढून बांधावर आडवी होती, तशीच म्हणाली, "दुपारी माना टाकत्यात त्यो नखरा. सांजच्याला बघ." संध्याकाळी पाहिलं तर सगळी रोपं ताठ, नुकती न्हाल्यासारखी. तिचा हिशेब सरळ होता. सकाळच्या गारव्यातसुद्धा पान वर आलं नाही, तरच झाड खरं तहानलेलं. तोवर नाही. आणि पाणी द्यायचं तेव्हाही सगळ्या सऱ्यांना नाही, एक सोडून एक. पुढच्या वेळी उरलेल्यांना. मी म्हटलं, अर्ध्या सऱ्या कोरड्या ठेवता? ती म्हणाली, मूळ काय लंगडं हाय का, जाईल की शेजारी.

फुलं धरायच्या आधी तर ती पाणी तोडूनच टाकायची. म्हणायची, थोडा राग येऊ दे तिला, रागावल्याबिगर तिखट व्हत न्हाई. ते किती खरं ते मला माहीत नाही, पण तिची मिरची सोनईच्या बाजारात आली की तिच्या पोत्याशेजारी गुळवाला बसत नसे. नगरहून आलेला एक व्यापारी मोठ्या तोऱ्यानं एक मिरची मोडून हुंगायला गेला, आणि पुढं बराच वेळ एका झाडाखाली बसून डोळ्यांवर पाणी मारत होता. फुफी त्याला लांबून सांगत होती, दही खा, आमच्या मडमिनीला इचारा.

पाळीचं पाणी नको, मग उन्हाच्या तडाख्यात झाडं जगायची कशी, याचंही उत्तर तिच्याकडे होतं. ती कुंभाराकडून मडकी आणायची आणि दर दोन-चार झाडांमध्ये एक असं गळ्यापर्यंत पुरायची. वरून घागरीनं भरायची आणि तोंडावर खापरी ठेवायची. मडकं हळूहळू पाझरायचं, मुळं त्याला येऊन मिठी मारायची. मी एक फुटलेलं मडकं उकरून पाहिलं आहे. बाहेरून सगळं बारीक पांढऱ्या मुळ्यांनी विणलेलं, बाळाच्या टोपड्यासारखं. मी ते हातात घेऊन कितीतरी वेळ उभी होते.

पण या मडक्यांनी बिचाऱ्या कुंभाराची झोप उडवली. जन्मभर लोक त्याच्याकडे येऊन तक्रार करायचे की मडकं पाझरतं. फुफी पहिली बाई, जी मडकं परत घेऊन आली आणि म्हणाली, "हे पाझरतच न्हाई. लबाडी करतूस व्हय?" कुंभार माझ्यासमोर सासूबाईंना सांगत होता, वहिनी, बापजन्मात मला कुनी असं बोललं न्हाई, आता मी वाईट मडकी करायला कुठं शिकू? शेवटी त्यानं मातीत वाळू जास्त घालून, न घोटता, तिच्यासाठी वेगळी मडकी घडवली. ती उन्हात ठेवताना तो त्यांच्यावर फडकं टाकायचा. गिऱ्हाइकानं पाहिलं तर इभ्रत जाईल म्हणून. झाडांच्या बुडाशी ती जुन्या छपरांचं गवत अंथरायची. गावात कुणाचं छप्पर उतरलं की ही हॅट घालून हजर.

तिचा नवरा लढाई संपल्यावर सुखरूप परत आला. त्यानं पहिल्या दिवशी विचारलं, माझी हॅट कुठं आहे. ती म्हणाली, तुझी कुठली, ती आता मिरचीची हाय. तोही पुढं निमूटपणे मडकी भरायला लागला. पण मला सांगायचं आहे ते तो यायच्या आधीचं.

लढाई अजून चालू होती, तेव्हा एका वर्षी सासऱ्यांनी मिरची लावली. 'त्या बाजूला' जमतं ते आपल्याला का जमू नये, असा विचार. माती त्यांची काळीभोर, पाणी आठवड्यातले सहा दिवस, रोपं फुफीच्याच वाणाची, माळ्याकडून फिरून मिळवलेली. आणि त्यांनी प्रत्येक दिवशी पाणी भरलं. त्यांना भीती अशी, की आपण दिवस सोडले तर बहीण चावडीवर जाऊन ते दिवस मागेल. वाफे काठोकाठ भरायचे. फुफी बांधावर उभी राहून आपल्या झाडांना मोठ्यानं सांगायची, "बघा गं पोरींनू, तिकडं तुमच्या भनींना बुडवायला घेतल्यात." सासरे ऐकायचे आणि आणखी एक वाफा भरायचे.

दिवाळीच्या सुमारास त्यांची मिरची पिवळी पडली, मग झाडं एकेक करून उभ्या जागी वाळायला लागली.  एका संध्याकाळी सासरे मेलेलं एक झाड उपटून हातात घेऊन बांधापाशी आले. मुळं काळी, बुळबुळीत, वास मारणारी. त्यांनी झाड बांधावर ठेवलं आणि उभे राहिले. फुफीनं ते उचललं, मूळ बोटांनी पुसून पाहिलं. मग ती आपल्या रानात गेली, मिरच्यांनी लगडलेलं एक चांगलं धट्टंकट्टं झाड निवडलं आणि मुळासकट उपटलं. ज्या झाडाच्या पानाला ती शेळीचं तोंड लागू देत नव्हती, तसलं झाड. ते तिनं भावाच्या झाडाशेजारी बांधावर ठेवलं. याचं मूळ पांढरं, लांबलचक, केसांसारख्या तंतूंचं. दोन झाडं शेजारी शेजारी, आणि दोन माणसं एकमेकांकडे न बघता त्या झाडांकडे बघत उभी. मला कुणीच काही सांगायला लावलं नाही. सासऱ्यांनी दोन्ही झाडं उचलली आणि घरी आणली. ती कितीतरी दिवस पडवीत दोरीला टांगलेली होती.

आणि मग हिवतापाची साथ आली. गावात घरोघर माणसं गोधड्यांखाली कुडकुडत होती. फुफी पडली ती अशी पडली की तिला उठून बसवेना. पहिल्या शुक्रवारी चाक वाजलं नाही. गावाला वाटलं, चालायचंच. दुसऱ्या शुक्रवारीही वाजलं नाही, आणि मग लोक एकमेकांकडे पाहायला लागले. माझा नवरा नगरला कापडाच्या दुकानात, महिन्या-दोन महिन्यांनी घरी येणारा. फुफीचा नवरा समुद्रापलीकडे. घरचं, रक्ताचं म्हणावं असं तिला कोण होतं? एक भाऊ, ज्याला तीच पाळी हवी होती.

मी सकाळ-संध्याकाळ तिला पेज नेऊन द्यायची आणि येताना तिची मडकी भरायची. पाणी सासऱ्यांच्या पाटातूनच घ्यायची, दुसरं कुठलं आणणार? त्यांनी एकदा मला भरलेली घागर घेऊन बांध ओलांडताना पाहिलं. माझ्याकडे पाहिलं, घागरीकडे पाहिलं आणि बैलांना शिवी दिली. त्या रात्री जेवताना मात्र भिंतीकडे बघत विचारलं, त्या बाजूला ताप उतरला का. मी म्हटलं, नाही. बऱ्याच वेळानं पुन्हा म्हणाले, मडकी किती दिसांनी रिकामी व्हत्यात? मी सांगितलं. ते पाणी पिऊन उठले.

तिसऱ्या शुक्रवारी सकाळपासून गाव कान लावून बसलं होतं. पाटील चावडीवर येऊन बसले होते. सासऱ्यांनी नेहमीसारखी आंघोळ केली, धुवट पांढरा सदरा घातला, टोपी घातली, कानात अत्तराचा फाया ठेवला आणि ते बाहेर पडले. जुम्म्याची नमाज त्यांनी कधी चुकवली नव्हती, लग्नाच्या दिवशीसुद्धा नाही, असं सासूबाई जरा तक्रारीच्या सुरात सांगायच्या. मी पेज घेऊन फुफीच्या खोपटात गेले. हॅट खुंटीला होती. हॅटीशिवाय फुफी एवढीशी दिसत होती.

मी म्हटलं, "फुफी, मी हाकते मोट. सून म्हणजे घरचीच की."

तापातही तिच्या डोळ्यांत हसू आलं. "तू? बैल मागं सराय लागले की तू फुडं पळशील. मंग पाटील म्हनंल, चाक वाजलं का न्हाई ते ठावं न्हाई, पर मडमीण लई जोरात वाजली."

खोटं कशाला सांगू, मला आतून बरंच वाटलं. पण मग तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि म्हणाली, जाऊ दे. यंदाची तर लाल झालीया. फुडच्या साली बघू. फुफी 'बघू' म्हणाली हे मी पहिल्यांदा ऐकलं. तिचं सगळं बघून झालेलं असायचं. पाळी गेली तर मुरमाड पट्टीत पुढच्या वर्षी कुसळं उगवणार, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

मशिदीतून अजान झाली. मी पेजेची वाटी धरून बसले होते. अजान थांबली, गाव शांत झालं, आणि त्या शांततेत चाक करकरलं.

फुफीनं हात वर करून मला गप्प केलं. खरं तर मी काही बोलतच नव्हते. तिनं डोळे मिटले आणि ऐकत राहिली.

"उजव्या अंगाचा खोंड पाय घासतोय," ती म्हणाली. "भाईचे बैल हायत."

इतक्या वर्षांत मी तिच्या तोंडून 'भाई' हा शब्द ऐकला नव्हता.

"पानी कुठं पडतंय?" तिनं विचारलं. मला नुसतं चाक ऐकू येत होतं. मी तसं म्हटलं. "जा. पाटात पडतंय का हिरीत, बघून ये."

मी वाटी खाली ठेवली आणि पळाले. सासरे जुम्म्याच्या कपड्यांत नाड्यावर बसून उतारावरून खाली येत होते. टोपी एका कानावर घसरली होती. थारोळ्यापाशी पाटाचं तोंड ताज्या चिखलानं बुजवलेलं होतं, तो सैल दगड काढून बाजूला ठेवलेला होता, आणि मोटेचं सगळं पाणी धो धो विहिरीत परत पडत होतं. ते उतरून बैलांबरोबर वर आले तेव्हा मला दिसलं. धुवट सदऱ्याची उजवी बाही कोपरापर्यंत मातीनं माखलेली होती.

मी बघतच राहिले. त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "ओल हाय रानात." आणि पुन्हा नाड्यावर बसले.

मी परत आले. फुफी डोळे उघडून दाराकडेच बघत होती. मी सांगितलं, पाणी विहिरीत पडतंय. मग सांगितलं, अब्बांचा हात मातीनं भरलाय.

"कुठवर?"

"कोपरापर्यंत."

 चाक करकरत होतं, मोट वर येत होती, रिकामी होत होती. मी उगाच म्हटलं, चाक फार कोरडं झालंय, अब्बांना सांगते तेल घाला म्हणून. फुफीनं गोधडी हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

"सांग तुझ्या सासऱ्याला," ती म्हणाली, "तेल अजाबात घालू नको म्हनावं. गावाला ऐकू येऊ दे."